गोऱ्या डॉक्टरची गमी

हातात चहा असेल तर तो आधी खाली ठेवा. मागे एकीला हा किस्सा सांगत होते, तर चहा तिच्या नाकातून बाहेर आला आणि तिची साडी मलाच धुवावी लागली. तेव्हापासून मी आधीच बजावून ठेवते.

मी कमल. विसरवाडीला, हायवेच्या तिठ्यावर, माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. पाटीवर आमच्या यांचं नाव आहे, पण ट्रकवाले म्हणतात ‘आक्काचं हॉटेल’. शाळा चौथीपर्यंत झाली. तोंड मात्र पदवीधर आहे! सुरतेपासून धुळ्यापर्यंतचे ड्रायव्हर मला ओळखतात. जे ओळखत नाहीत ते एकदा माझ्या भज्यांना नावं ठेवतात, आणि मग जन्मभर ओळखतात.

तर अशा बाईला रडताना विसरवाडीत कोणी म्हणजे कोणीच पाहिलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक ध्यानात ठेवा. सुदाम. माझा धाकटा भाऊ. शहाद्याजवळ ब्राह्मणपुरीला त्याची पपईची बाग आहे. आई शेतात जायची तेव्हा हा माझ्या कडेवर असायचा, इतका की माझी एक बाजू अजून वाकडी आहे. त्याच्या पोराचं लग्न निघालं. सख्ख्या बहिणीला आमंत्रण कसं द्यायचं? पत्रिकेला हळद-कुंकू लावून, वर मानाची साडी घेऊन, जोडीने तिच्या दारात यायचं. मला आमंत्रण आलं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर! तेही ग्रुपवर! ‘पपई बागायतदार’ नावाच्या! मी आयुष्यात पपईचं एक झाड लावलं नाही, त्या ग्रुपात मला कोणी घातलं देव जाणे. वरती खताची जाहिरात, खाली बुरशीच्या औषधाचा फोटो, आणि मध्ये माझ्या भाच्याचं लग्न.

मी गेले नाही. का आली नाहीस म्हणून त्याने विचारलं नाही. मग मी फोन केला नाही. मग त्यानेही केला नाही. त्याला हिवाळ्यात सुरतेच्या दवाखान्यात ठेवल्याचं कानावर आलं, तेव्हा चार वेळा फोन हातात घेतला आणि चार वेळा खाली ठेवला. त्याने सांगायला नको का?

अशा तीन आखाज्या गेल्या. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, आईच्या-वहिनीच्या हातचं आयतं खातात. मी तेव्हा कढईसमोर उभी असायचे. शहाद्याकडून बस आली की तोंड फिरवायचे. ‘त्याने दारात यावं, मग बघू,’ असं मी म्हणायचे. तोही तिकडे हेच म्हणत असणार. एकाच आईची आम्ही!

आता मूळ माणसाकडे येते. गॉर्डन पेबलविक.

दचकू नका. इंग्लंडच्या टीव्हीवरचा नट आहे. आमच्या सुनेने, वैशालीने, एक दिवस माझा मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, “आत्या, भजी तळता तळता हे पाहा.” हिंदीत बोलणारी इंग्लंडची मालिका. एक खेडं, त्यात एक म्हातारा डॉक्टर. तिथे सदा पाऊस, सदा चिखल, माणसं स्वेटरात आणि मेंढ्या रस्त्यात. हा डॉक्टर हसत नाही, गोड बोलत नाही. चिखल तुडवत पेशंटच्या घरी जातो आणि आधी त्यालाच झापतो. पहिल्याच भागात त्याने एका पैलवानाएवढ्या शेतकऱ्याला नुसतं बघून खाटेवर बसवलं. एक शब्द नाही! नुसतं बघितलं! माझा घाणा जळला. मी म्हटलं, हा माणूस आपला आहे.

मग वैशालीने त्याच्या आयुष्याचा एक मोठा व्हिडिओ शोधून दिला, हिंदीत सांगितलेला. तो मी इतक्यांदा पाहिला की तुम्ही माझी त्यावर परीक्षा घ्या. ऐका.

कोळशाच्या खाणीच्या गावात जन्म. बाप खाणीत. खोकून खोकून गेला. आई लोकांचे कपडे धुवायची. हा पोरगा पहाटे सायकलवर पाव वाटायचा. दार उघडणारा जसा बोलला तसंच दुसऱ्या दारात बोलून दाखवायचा. जाड्या बाईचा आवाज, दम लागलेल्या म्हाताऱ्याचा आवाज. लोक पावासाठी कमी आणि नकलेसाठी जास्त दार उघडायला लागले. मग एका नाटकाच्या थिएटरात झाडू मारायला लागला. झाडता झाडता सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ. पण त्याला काम देतो कोण? कान मोठे, तोंड रागीट, बोलणं खेड्यातलं.

एकदा त्या थिएटरात शूटिंगला आलेल्या टीव्हीवाल्यांना प्रेत पाहिजे होतं. खुनाची मालिका, खून झालेला माणूस नुसता पडून राहायचा. ठरलेला माणूस आला नाही, म्हणून झाडूवाल्याला झोपवला. त्याच्या नाकावर माशी बसली. बसली ती बसलीच. नाकावरून ओठावर, ओठावरून पापणीवर. पठ्ठ्या हलला नाही! श्वास कुठे ठेवला होता त्यालाच माहीत. साहेब लोक थक्क. त्या दिवसापासून इंग्लंडच्या टीव्हीवर कोणालाही मारायचं असलं की बोलवा गॉर्डनला. विष दिलं, तळ्यात बुडवला, घोड्यावरून पाडला, शिडीवरून ढकलला. अर्धं आयुष्य मरण्यात गेलं हो त्याचं! पण कधी एका मरणासारखं दुसरं मेला नाही. बुडालेला वेगळा, पडलेला वेगळा. त्याची आई शेजारणींना गोळा करून टीव्हीसमोर बसायची आणि चादरीखालून नुसता पाय दिसला तरी ओरडायची, “हा माझा पोरगा!”

पन्नाशी उलटल्यावर त्याला डॉक्टरचं काम मिळालं. जिवंत माणसाचं! तो त्या व्हिडिओत म्हणतो, पहिल्या दिवशी फार जड गेलं, डोळे उघडे ठेवायची सवय नव्हती.

याला म्हणतात कष्ट. मी हातगाडीवर भजी विकायचे तेव्हा लोक मला नाही, गाडीला ओळखायचे. म्हणून मला त्याचं कौतुक. आणि कौतुक कसलं, मी त्याची विद्याच घेतली. आधी ड्रायव्हरने कटकट केली की मी ओरडायचे. आता झारा हातात धरून नुसती बघते. गॉर्डनसारखी. परवा एक जण प्लेट स्वतः धुवून ठेवून गेला.

आता तो दिवस.

आखाजी चार-आठ दिवसांवर आलेली. वैशाली माहेरी गेलेली. तिला माहेर आहे ना! आमचे हे नंदुरबारला बेसन आणि मिरची आणायला गेलेले. सकाळची गर्दी ओसरली आणि मी मालिकेचा शेवटचा भाग लावला.

डॉक्टर पावसात एका बाळंतिणीला सोडवायला जातो. रात्रभर झटतो. पोर रडतं, आई हसते. डॉक्टर बाहेर येऊन बाकावर बसतो. टोपी हळूच कलते. हातातला कप तसाच.

बस. इतकंच. ना छाती धरली, ना कोणाला हाक मारली. मी त्याची सगळी मरणं ऐकून होते, पण असं मरण कोणाचं पाहिलं नव्हतं.

पडदा काळा झाला. आणि मग आला त्याचा फोटो. काळा-पांढरा! खाली त्याचं खरं नाव. इंग्रजी मला येत नाही, पण ते नाव मी ओळखते. आणि मागे हळू हळू पिपाणी वाजतेय.

आता तुम्हीच सांगा, आमच्या तिठ्यावर काळ्या-पांढऱ्या फोटोचा दुसरा काही अर्थ होतो? वाढदिवसाचा फ्लेक्स रंगीत. निवडणुकीचा रंगीत. बारसं रंगीत. काळा-पांढरा फोटो लागला की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! लहान पोरालाही कळतं. म्हणजे मालिकेतला डॉक्टर गेला तो गेला, आमचा गॉर्डनही गेला! डोळे भरून आले, पुढचं काही दिसेना. मी मोबाइल पालथा घातला.

गॅस बंद केला. कढई उतरवली. डोक्यावरून पाणी घेतलं. शटर अर्धं खाली ओढलं आणि उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून बसले. वाटलं होतं दोन टिपं गाळीन आणि उठीन. कुठलं काय! एवढं भडभडून आलं की मलाच माझा आवाज ओळखू येईना. एका गोऱ्या माणसासाठी एवढं का रडायला येतंय, ते तेव्हा कळलं नाही.

समोर शेवंताबाई टोपली घेऊन भाजी विकते. तिने मान वर करून पाहिलं. भर दिवसा आक्काचं शटर अर्धं! केस ओले! आणि आक्का रडतेय!

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. गमी म्हणजे घरात मयत. गमी झालेल्या दारात जायचं ते रस्त्यापासूनच रडत जायचं. आधी गळ्यात पडायचं, रडायचं, मग बसायचं. आणि ‘कोण मेलं?’ असं कधी म्हणजे कधी विचारायचं नाही. ते विचारणं म्हणजे त्या घराशी तुमचं काही नातंच नाही असं सांगणं. बसून राहायचं, बोलण्यातून आपोआप कळतं.

शेवंताने टोपली तिथेच सोडली आणि हंबरडा फोडत रस्ता ओलांडला.

“वंऽ माय वंऽ! आसं कसं व्हयनं वंऽ!”

माझ्या गळ्यातच पडली. मला भरून आलं. म्हटलं, पाहा! हिच्या घरी टीव्ही नाही, हिचा फोन बटणांचा, आणि हिलाही कळलं! केवढं मोठं नाव कमावलं माणसाने!

शेवंताला रडताना पाहून बांगडीवाली आली. तिला पाहून पिठाच्या गिरणीवरच्या बाया आल्या. बस थांबली, त्यातून ओळखीच्या दोघी उतरल्या, त्याही बसल्या. ओटा भरला. पुरुष मंडळी खाली कडुलिंबाच्या सावलीला माना खाली घालून बसली. मी एकेकीकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, गॉर्डन, बाबा, वर बसून बघ! तुझ्यासाठी विसरवाडी बंद पडली!

मग मला बोलल्याशिवाय राहवेना.

“काय गुणी व्हता वं,” मी म्हटलं. “बाप खोकली खोकली मरना. मायनी लोकेस्ना कपडा धुयात. आनि हाऊ धाकला पोऱ्या सायकलवर पाव इके.”

शेवंताने पदर बाजूला केला. “आक्का! एवढा हाल काढात आनि आम्हले कधी सांगं नही?”

“तो कधी सांगे का? मान खाले घालीसन काम करे.”

“आनि कोनी कदर करी नही,” बांगडीवाली म्हणाली.

“आर्धं आयुष्य कोनी त्यान्हाकडे देखं नही!” मी म्हटलं आणि पुन्हा सूर लावला.

त्यावर शेवंताने बाकीच्यांकडे पाहून मान हलवली. तिचं कोडं सुटलं होतं. आक्का भावाशी बोलत नाही, भाऊ हिवाळ्यात दवाखान्यात होता, म्हणजे गेला तो सुदाम! हे मला नंतर कळलं हो. तेव्हा नाही. तिने शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीने ओट्याखाली सांगितलं, आणि दहा मिनिटांत माझा भाऊ सगळ्या विसरवाडीत वारला. मला सोडून सगळ्यांना माहीत.

सगळ्यांना म्हणजे, रफिकभाईला सोडून. रफिकभाईचं शेजारी पंक्चरचं दुकान. भला माणूस. गर्दी पाहून त्याने दुकान बंद केलं, माझ्या दारात पाण्याचा माठ आणून ठेवला आणि कोणाशी एक शब्द न बोलता ठरवलं की, गमी कोणाची का असेना, आक्काच्या माहेरी कळवणं शेजाऱ्याचं काम. त्याचा एक आतेभाऊ पपईच्या गाड्या भरतो. त्याच्याकडून त्याने नंबर काढला आणि लावला थेट ब्राह्मणपुरीला. कोणाला? सुदामला!

आता फोनची रीत वेगळी आहे. फोनवर ‘मेलं’ म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याला धक्का बसतो, येताना गाडी कुठेतरी ठोकतो. म्हणून फोनवर म्हणायचं, ‘सिरियस आहे, निघा.’ आणि सिरियस म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला बरोबर समजतं.

“सुदामभाऊ, मी विसरवाडीहून रफिक. आक्काके घर सिरियस है. जल्दी निकलो.”

“कोन सिरियस?”

“आप निकलो तो सही, भाऊ. घरके लोगोंको लेके निकलो.”

घरच्या लोकांना घेऊन! म्हणजे संपलंच की! तिकडे सुदामने फोन ठेवला आणि बाजेवर बसला. आक्का गेली.

इकडे आमचे हे नंदुरबारहून आले. रिक्षातून बेसनाची गोणी खांद्यावर घेऊन उतरले, तर आपल्याच दारात गमी! आता स्वतःचं घर, स्वतःचा ओटा. माणसाने विचारावं की नाही? नाही! हेही रीतीचे पक्के. गोणी हळूच खाली ठेवली, तोंडाला गमछा लावला आणि मुकाट्याने पुरुषांत जाऊन बसले. कोणीतरी कानात सांगितलं, ‘सुदाम.’ यांनी गमछ्यातच हुंदका दिला. माझ्याजवळ येऊन एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, पाहा, आयुष्यभर मालिकेला नावं ठेवली आणि आज माणूस रडतोय!

उन्हं कलली. बायांचे आवाज बसले. शेवंताची कोथिंबीर मान टाकून पडली. कोणी उठेना, कारण मी उठेना.

आणि तिठ्यावर एक पिकअप येऊन थांबली. मागे बाया दाटीवाटीने उभ्या, सगळ्या एका सुरात रडताहेत. माझ्या माहेरच्या! पुढचं दार उघडून फेटा सुटलेला, दाढी वाढलेला एक माणूस उतरला. त्याच्या छातीशी एक कोरी हिरवी साडी. डोळे गच्च मिटलेले, आणि बेंबीच्या देठापासून ओरडतोय:

“आक्काऽऽ! मन्ही आक्का वंऽऽ! एकदाव तरी फोन करना व्हता वंऽऽ!”

सुदाम!

शेवंताने मान वर केली. सकाळपासून ज्याच्यासाठी घसा फोडला तो स्वतःच्या पायाने चालत येतोय! ती अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उडाले. “भूऽऽत!” उडी मारली ती थेट आमच्या बेसनाच्या गोणीवर. गोणी फुटली. ओटा पिवळा, शेवंता पिवळी. पुरुष मागे सरले. आमचे हे गमछ्यातून एका डोळ्याने पाहताहेत.

सुदामला काही दिसत नव्हतं. तो आला, उंबऱ्यावर कोसळला आणि माझ्या मांडीवर डोकं आपटून रडायला लागला.

“आक्का, माले माफ कर वं! मी दारमा येणार व्हतू वं!”

त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पिकले होते. मला वाटलं, हाही गॉर्डनसाठीच...? नाही. आता मात्र कुठेतरी काहीतरी चुकतंय.

“सुदाम,” मी म्हटलं, “तू काबरं रडी ऱ्हायना?”

तो थांबला. एक डोळा उघडला. मग दुसरा.

“आक्का? तू जित्ती शे?”

“मी जित्ती शे. माले काय धाड व्हयनी?”

त्याने ओट्यावर नजर फिरवली. माझ्याकडे पाहिलं. आमच्या यांच्याकडे पाहिलं, तेही धडधाकट.

“मंग कोन मरनं?”

सकाळपासून एवढी माणसं जमली होती, आणि हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. 

गोणीवरून शेवंता म्हणाली, “तू!”

“मी?” सुदामने स्वतःची छाती चाचपली.

“आम्ही सकायपासून तुले रडी ऱ्हायनूत!”

“आनि आम्ही रस्ताभर आक्काले!” पिकअपमधून माझी भावजय, मंगल, ओरडली.

मग सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. आमच्या यांनी गमछा काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

“कमल. कोन मरनं?”

मी, जी ट्रकवाल्यांना नजरेने गार करते ती मी, बोट दाखवलं. तेलाच्या डब्याकडे. पालथ्या मोबाइलकडे.

“तो.”

“तो कोन?”

“गॉर्डन.”

“कोन गॉर्डन?”

“डॉक्टर. इंग्लंडना.”

रफिकभाई डोकं खाजवत पुढे आला. “आक्का, ये अपने सरकारी दवाखानेमें कब लगा था?”

काय सांगू त्याला! मंगलने मोबाइल उचलला. तिला या यंत्रातलं कळतं. तिने शेवटचा भाग पुन्हा लावला. टोपी कलली, पडदा काळा झाला, काळा-पांढरा फोटो आला. “देखा!” मी म्हटलं. “आली का नही श्रद्धांजली?”

“थांबा आक्का,” मंगल म्हणाली.

गॉर्डनचा फोटो गेला आणि नर्सचा आला. काळा-पांढरा. मग दुकानदाराचा. मग बाळंतिणीचा. मग डॉक्टरच्या कुत्र्याचा. काळा-पांढरा!

“एवढं समदं गाव मरनं का आक्का?” मंगल म्हणाली. “कुत्रासगट?”

आणि तेवढ्यात तो भाग संपून आपोआप दुसरा व्हिडिओ सुरू झाला. लाल स्वेटर, मोठे कान, तेच रागीट तोंड. गॉर्डन खुर्चीत बसून नव्या मालिकेबद्दल बोलत होता आणि केक खात होता!

सगळा ओटा त्या एवढ्याशा मोबाइलभोवती वाकला. आमची गमी केक खातेय आणि बोटं चाटतेय.

पहिलं कोण हसलं ठाऊक नाही. बहुतेक आमचे हे. मग कोणी थांबेना. रफिकभाई पोट धरून खालीच बसला. शेवंता बेसनाने पिवळी झालेली, हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, “आक्का, मन्ही कोथमीर!”

तुम्ही म्हणाल, गॉर्डनचा राग आला असेल. मुळीच नाही! अहो, तिकडे इंग्लंडात एक माणूस बाकावर बसून नुसती टोपी कलती करतो आणि इकडे विसरवाडीत गॅस बंद होतो, पंक्चरचं दुकान बंद होतं, शहाद्याहून पिकअप भरून येते! ही त्या माणसाची कला. अक्कल गहाण पडली ती माझी. ज्याचा धंदाच मरायचा, हे मी सगळ्या जगाला सांगत फिरायचे, त्याच्या मरणाला मीच फसले!

हसणं ओसरलं तेव्हा सुदाम अजून उंबऱ्यावरच होता. छातीशी ती साडी.

मला कळली होती ती कशाची. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते. भाऊ घेऊन येतो.

“मन्ह्या मातीले लयना का?” मी विचारलं.

त्याने साडी तशीच पुढे केली. मंगल म्हणाली, “आक्का, ही आज नही लियेल. लग्ननी शे. तुम्हना मानपानसाठे लियेल व्हती. आम्ही दोन्ही येणार व्हतूत. त्याना आगोदरच पोऱ्यानी समदा ग्रुपवर पत्रिका टाकी दिधी आनि तुम्हना राग उना. मंग तुम्हना भाऊ म्हनेत, आक्का बोलनी तवय देसू. तीन वरीस कपाटमा पडेल शे.”

मी साडी हातात घेतली. हिरवी, काठावर मोर. घडीवर कपाटाचा वास. जिवंतपणी अडून बसलेली साडी मेल्यावर एका फोनवर आली!

  सुदामने नाक पुसायला फेट्याचं टोक शोधलं, सापडेना, तर मी पदर दिला. लहानपणीही माझ्याच पदराला पुसायचा, मेला.

मंगल मात्र अजून मोबाइलमध्ये डोकावत होती. “आक्का, एक सांगू का? हाऊ गोरा आमना ह्यास्नागत दिसस. तेच कान. तेच डोळा वटारनं. फक्त इस्त्री करेल शे.”

मी पाहिलं. सुदामकडे पाहिलं. पुन्हा मोबाइलकडे.

आई गं!

मग मी उठले, पदर खोचला आणि गॅस पेटवला. सगळ्यांना सांगितलं, आज कोणी उपाशी जायचं नाही. फुटलेल्या गोणीत उरलेल्या बेसनाची सगळी भजी झाली. माझ्या मातीला आलेल्यांना माझ्या हातची भजी! आणि शेवंताची ती कोमेजलेली कोथिंबीर? तीही त्यात. एकानेही नावं ठेवली नाहीत. मी नुसती बघत होते ना!

आखाजीला मी ब्राह्मणपुरीला गेले. तीच साडी नेसून. गल्लीतल्या बाया काठाला हात लावून विचारत होत्या, “कवय लिधी वं आक्का?” मी म्हणायचे, “मन्ह्या मातीले उनी व्हती,” आणि त्या दोन पावलं मागे सरकायच्या.

दुपारी झोक्यावरून उतरून सगळ्या अंगणात बसल्या, तेव्हा मी मोबाइलवर गॉर्डनची नवी मालिका लावली. म्हटलं, बघा तरी, कोणासाठी एवढा तमाशा झाला. सुरुवातच खुनाने. जमिनीवर चादर पांघरलेलं प्रेत. चादरीखालून एक पाय बाहेर.

मी उडालेच! “हाऊच! हाऊच आमना गॉर्डन! मी पायवरथून वळखं!” मग सगळ्यांना त्याच्या आईची गोष्ट सांगितली, माशीची सांगितली, श्वास कसा धरतो ते सांगितलं.  “देखा, हालत नही! आसं मरनं दुसराले जमाव नही!” दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला.

मालिकेत कोणीतरी चादर उचलली.

आत एक जाडजूड म्हातारी.

आणि मागचं दार उघडून गॉर्डन आत आला, पोलिसाची टोपी घालून, ठणठणीत. त्याने थांबून सरळ माझ्याकडे बघितलं. तसंच. नुसतं.

बायांनी डोळ्याचे पदर खाली केले. आणि बाजेवर पडलेला सुदाम घरात तोंड करून ओरडला:

“मंगल, आजून एक साडी लई ठेव वं! आक्काले जित्तं कोन नि मरेल कोन, काय बी समजत नही!”